तटावरचा स्वार

"हे आमचं चित्र नाही," सुजय भालेराव म्हणाला आणि त्याने फ्रेम काउंटरवर अशी आदळली की खिळ्यांची वाटी उडून खाली सांडली.

इंदूरच्या नंदू फ्रेमवाल्याने खाली बसून आधी खिळे वेचले. वय बहात्तर, गुडघे कुरकुरत होते. पण सांडलेला खिळा आधी उचलायचा आणि मग माणसाशी बोलायचं, ही सवय त्याला उस्तादाने लावली होती आणि उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती.

"कालच तर घेऊन गेलात, भिया," तो उठत म्हणाला. "आज एकदम काय झालं?"

"घरी नेऊन टांगलं, तेव्हा कळलं. आमचे निशाणवाले आजोबा कुठे गेले?"

"कोण आजोबा?"

"झाशीच्या तटावर लढलेले आमचे मूळपुरुष. घरात सगळे आजोबाच म्हणतो." सुजयने मोबाइल काढून त्याच्या नाकासमोर धरला. गेल्या दसऱ्याचा फोटो होता. हीच फ्रेम, हाच किल्ला, हाच लांबलचक तट आणि कापसाच्या बोंडांसारखा धूर. पण फोटोत तटावर, दरवाज्याच्या उजव्या अंगाला, पांढऱ्या घोड्यावर एक स्वार होता. हातात भगवं निशाण. त्याच्या छातीवर, काचेच्या वरून, गंधाचा टिळा लावलेला होता.

नंदूने फोटोत पाहिलं, मग फ्रेममध्ये पाहिलं. फ्रेममध्ये किल्ला होता, तट होता, धूर होता. तटावर कोणी नव्हतं.

"आता बोला. असली कोणाला बेचलं? कोणा अँटीकवाल्याला ना? आणि ही झेरॉक्स आम्हाला चिकटवली."

"झेरॉक्स नाही ही. कागद बघा, हाताने भरलेला रंग बघा."

"मला कागद नका शिकवू, काका. चौथी पास तरी आहात का?"

नंदू पहिली पासही नव्हता. बाप मिलमध्ये होता, मिल बंद पडली आणि पोराला आठव्या वर्षी काचा पुसायला लावलं गेलं. अक्षर आलं ते बेचाळिसाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर गुडघे छातीला लावून. तेव्हापासून त्याने एक रीत पाळली होती. फ्रेम बंद करण्याआधी मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी ठेवायची. काय आलं, काय केलं, तारीख, खाली नंदू. गिऱ्हाइकाला ती दिसतही नसे. तरी तो लिहायचा, आणि एखादं अक्षर बिघडलं तर चिठ्ठी फाडून नवी लिहायचा.

आपल्या चिठ्ठीत काय आहे ते त्याला पाठ होतं. वाळवी लागलेली पट्टी बदलली. तडकलेली काच बदलली. चित्र तेच.

"उघडून दाखवतो, चिठ्ठी आहे आत," तो म्हणाला.

"तुमची चिठ्ठी तुमच्याजवळ ठेवा. चोराने लिहून ठेवलं, मैंने चोरी नहीं की, तर मानायचं का?" सुजयने फ्रेम काखेत मारली. "तीन दिवस देतो. असली चित्र घरी आलं पाहिजे. नवरात्रात जुन्या घराण्यांचं प्रदर्शन आहे, पुस्तिका छापायला टाकली आहे, कव्हरवर आजोबा आहेत. नाही आलं तर बघतो मी."

तीन दिवस त्याने थांबायला पाहिजे होतं. तो संध्याकाळपर्यंतही थांबला नाही. दुकानासमोर रस्त्यावर उभा राहून त्याने व्हिडिओ केला. मागे नंदूची पाटी स्वच्छ दिसत होती. "भिया लोग, घर की पुरानी चीज़ इनके पास मत लाना," असं काय काय हिंदीत बोलला आणि मग मराठीत, "आपल्या समाजाचा माणूस म्हणून विश्वास टाकला होता." दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हिडिओ स्नेहलतागंजातल्या चहावाल्याच्या मोबाइलवरही होता.

दुपारपासून माणसं यायला लागली. कोणी भांडलं नाही, तेच वाईट होतं. एक बाई आपल्या सासू-सासऱ्यांचा फोटो अर्धवट फ्रेममधून काढून घेऊन गेली. म्हणाली, "घाई नाही आम्हाला, नंतर करू." शाळेतल्या मास्तरीण शालिनीबाई पंधरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी वडिलांचं मानपत्र परत मागितलं आणि दुकानाच्या उजेडात उलटसुलट करून पाहिलं. कोपऱ्यातला शाईचा डाग जागेवर आहे ना, हे त्यांनी नखाने तपासलं.

"तोच आहे, बाई," नंदू म्हणाला.

"मी कुठे काही म्हटलं?" त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

घरी बायकोने, गंगूबाईने, ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

"खरं सांगा, काही गडबड झाली आहे?"

"तूही विचारते?"

"मी नाही तर कोण विचारणार? फोटोत घोडा आहे, चित्रात घोडा नाही. घोडा काय चरायला गेला?"

नंदूने घास तसाच ठेवला. घोड्याचं त्यालाही कोडंच होतं. फ्रेम आली तेव्हा त्याचं लक्ष वाळवीवर आणि तड्यावर होतं, पण पुठ्ठा काढल्यावर चित्र त्याने नीट पाहिलं होतं. झाशीला वेढा पडला तेव्हाचं, लंडनच्या कुठल्याशा साप्ताहिकात छापलेलं, वरून कोणी हाताने रंग भरलेलं. पुढे गोऱ्यांचे तंबू, तोफा, हत्ती, लाल डगल्यातले शिपाई, दुर्बीण लावलेला साहेब, पाण्याची पखाल घेतलेला भिस्ती. एकेकाचे नाक-डोळे दिसतील इतकं बारीक काम. काढणारा तोफांच्या मागे बसला होता, हे उघड होतं. आणि मागे शहर. घरं, देवळं, बुरूज, सगळं होतं. तेव्हाच त्याला एक गोष्ट खटकली होती. तंबूंकडे पन्नास माणसं, आणि शहरात एकही नाही. शहर आधीच मेलं असावं तसं.

म्हणजे पुठ्ठा काढून चित्र हातात घेतलं तेव्हाही स्वार नव्हता. मग दसऱ्याच्या फोटोत तो कुठून आला?

हे त्याला दुसऱ्या दिवशी दुकानात, पातं पुसताना कळलं. जुन्या काचा खरवडायचं त्याचं एक पातं होतं, त्याच्या मुठीत भगवे कपचे अडकलेले होते. त्याने एक कपचा नखावर घेतला आणि दाबला. तो मोडला, पण त्याची पूड झाली नाही.

इंदूरच्या घराघरांतल्या तसबिरी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. देव असो की आजोबा, सणाला काचेवर गंध, कुंकू, शेंदूर लागतोच आणि वर्षानुवर्षं थर चढतो. जुनी काच आली की ती भिजवायची, पात्याने खरवडायची, चांगला भाग लहान फ्रेमला कापून ठेवायचा. हे काम तो डोळे मिटून करायचा. भालेरावांची काचही त्याने अशीच भिंतीला टेकवून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी, आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, हे न बघता खरवडायला घेतली होती. भगवा डाग दिसला, शेंदूर समजला.

पण शेंदराची पूड होते. कपचे तेलरंगाचे निघतात. आणि तेलरंग असेल तर तो काचेच्या आतल्या बाजूलाच असणार, जिथे कोणाचं बोट पोचत नाही.

तो उठला आणि मागच्या फळीवर उभ्या लावलेल्या काचा एकेक करून बघू लागला. सातवी काच तीच निघाली. कोपऱ्यात तडा, मध्ये पात्याचे ओरखडे. उजेडासमोर धरली तर ओरखड्यांच्या खाली रंग उरला होता. पांढऱ्या घोड्याचे मागचे दोन पाय, शेपटीचं टोक आणि रिकिबीत अडकवलेला एक जोडा. तेवढाच कंटाळा येऊन त्याने शिल्लक ठेवला होता.

रंगवणाऱ्याचा हात नंदूला ओळखीचा वाटत होता. घोड्याचा खूर असा बदामासारखा काढणारा एकच माणूस त्याने पाहिला होता. उस्ताद. लिहिता-वाचता न येणारा, पण काचेवर उलटं चित्र रंगवण्यात त्याचा हात धरणारा सबंध शहरात कोणी नव्हता. त्याने हे काम केलं तेव्हा नंदू काचा पुसणारा पोर असेल, नाहीतर त्याच्याही आधीची गोष्ट असेल.

काच चादरीत गुंडाळून तो ई-रिक्षाने छत्रीबागेत गेला.

भालेरावांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. सुजयने दार उघडलं आणि चादरीकडे पाहिलं.

"आणलं?"

"आणलं. पण तुम्ही म्हणता ते नाही. चित्र काढा खाली."

दिवाणावर सुजयची आई बसली होती. सुलोचनाबाई, ऐंशीच्या पुढच्या, नाकात जुनी मोरणी, हातात शेंगा सोलायचं ताट. त्यांनी मान वर केली नाही.

सुजयने चित्र टेबलावर ठेवलं. नंदूने मागून खिळे काढले, नवी काच बाजूला केली आणि जुनी काच हलक्या हाताने चित्रावर उतरवली. थोडी डावीकडे, थोडी वर. मग हात काढून घेतला. घोड्याचे मागचे खूर तटाच्या कठड्यावर बरोब्बर टेकले. वर ओरखड्यांचं धुकं होतं, आणि दरवाज्याच्या उजव्या अंगाला तो जोडा हवेत लटकत होता.

"स्वार काचेवर होता," नंदू म्हणाला. "आतून रंगवलेला. चित्रात कधीच नव्हता. मी शेंदूर समजून खरवडला. ती चूक माझी. पण चित्र हेच आहे. चोरी मी केलेली नाही."

खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"आई," सुजय म्हणाला, "हे काय आहे?"

सुलोचनाबाईंनी ताट बाजूला ठेवलं. उठून आल्या. काचेवर वाकल्या, इतक्या की त्यांच्या श्वासाने ती धुरकटली. त्यांचं बोट त्या जोड्यापाशी गेलं आणि टेकायच्या आधीच मागे आलं.

"मला नाही ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा चित्र भिंतीवर होतं. आजोबा त्यात होते."

"नीट बघा, बाई," नंदू म्हणाला. "तुम्हाला आठवत असेल. कोणी तरी घरातून उस्तादाकडे..."

"मी म्हटलं ना, मला नाही ठाऊक." आणि त्या दिवाणावर जाऊन परत शेंगा सोलू लागल्या.

सुजयचा आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळेच जास्त कडवट झाला होता. "म्हणजे तुम्हीच कबूल करता. आमचे आजोबा तुम्ही पात्याने खरवडले. चोरीपेक्षा वाईट केलंत की."

"केलं. त्याचं काय म्हणाल ते ऐकतो. पण व्हिडिओत तुम्ही चोर म्हटलंत. तेवढं काढा."

सुजय खिडकीपर्यंत जाऊन आला. "ठीक आहे. सीधी बात. तुम्हाला रंगवता येतं ना? उस्तादाचे चेले. हा फोटो घ्या. नव्या काचेवर आतून आजोबा रंगवा, जसे होते तसे. मी व्हिडिओ काढतो, दुसरा टाकतो, की गलतफहमी झाली, नंदूजी आपलेच आहेत. बस. तुमचं दुकान वाचलं, माझं प्रदर्शन वाचलं."

"रंगवतो," नंदू म्हणाला. "फुकट रंगवतो. पण आत चिठ्ठी ठेवीन."

"कसली चिठ्ठी?"

"नेहमीची. काय केलं त्याची. स्वार काचेवर आहे, अमुक तारखेला नंदूने रंगवला."

"ती कोणाला दिसते? कशाला पाहिजे?"

"दिसत नाही तर तुमची काय अडचण?"

सुजय त्याच्याजवळ आला. "अडचण ही की प्रदर्शनवाले फ्रेम उघडून चित्र स्कॅन करणार आहेत. चिठ्ठी पहिली त्यांच्या हातात पडेल. आयुष्यात चार अक्षरं शिकलात म्हणून ती सगळीकडे शेणाच्या गोवऱ्यांसारखी थापायची का?"

"स्कॅन करणार तर स्वारही त्यांना दिसणार नाही, भिया. तो काचेबरोबर बाजूला निघेल."

हे सुजयच्या ध्यानात आलंच नव्हतं. मग त्याने जुनी काच दोन्ही हातांनी धरली. "ही इथेच राहील."

"ती माझ्या दुकानात बदलली, तुम्ही मागितली नाहीत. आता माझा पुरावा आहे तो."

"पुरावा म्हणे." सुजयने काच ओढली. नंदूने सोडली नाही. तड्याजवळ टक असा आवाज झाला आणि कोपरा सुजयच्या हातात राहिला. त्याच्या तळव्यातून रक्त आलं आणि चित्रातल्या पांढऱ्या तंबूवर एक थेंब पडला. त्याने हात तोंडात घातला.

"निघा," तो म्हणाला. "परत या जिन्यावर दिसलात तर पोलिसात देईन."

सुलोचनाबाई शेंगा सोलत होत्या. ताटात दाण्यांपेक्षा टरफलं जास्त पडत होती आणि दाणे जमिनीवर.

घरी गंगूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "रंगवून द्यायचं होतं. चिठ्ठी टाकली नसती तर काय देव कोपला असता?"

"देवाचं माहीत नाही."

"मग?"

"मला वाचता येतं आता," नंदू म्हणाला. यावर तिने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

चित्र दुसऱ्या कोणाकडून तरी तयार होऊन आलं. त्या माणसाने काचेच्या भानगडीत न पडता सरळ कागदावरच स्वार रंगवला, म्हणजे स्कॅनमध्येही यावा. प्रदर्शनाला जाऊन आलेल्या, दुकानाशेजारच्या मनीष चहावाल्याने सांगितलं, की स्वार मोठा झाला आहे, अर्ध्या बुरजाएवढा, आणि रक्ताचा थेंब पडला होता तिथे त्याच माणसाने एक तंबू पेटवून दिला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ होता तिथेच होता.

नंदूने त्या आठवड्यात एकच फ्रेम केली. सागवानी पट्टी, मागे पुठ्ठ्याऐवजी पांढरा कागद, आणि मध्ये ती कोपरा तुटलेली काच. घोड्याचे दोन पाय, शेपटीचं टोक, एक जोडा, बाकी ओरखडे. चिठ्ठी या वेळी आत ठेवली नाही. मोठ्या अक्षरात लिहून काचेच्या खालीच लावली. 'या काचेवर आतून एक स्वार रंगवलेला होता. रंगवणारा माझा उस्ताद. मी शेंदूर समजून खरवडला. चित्र बदललं नाही. नंदू.' उस्तादाचा उ त्याला तीन वेळा लिहावा लागला.

दुकानाच्या दर्शनी खिळ्यावर ती फ्रेम लागली. लोक थांबत, वाचत, काही हसत. एका पोराने मोबाइलवर फोटो काढला. एकाने विचारलं, "काका, घोड्याची मागची बाजूच विकायला ठेवली आहे का?" शालिनीबाई एकदा थांबल्या, चष्मा सारखा करून शेवटपर्यंत वाचलं आणि आत न येता पुढे गेल्या. गिऱ्हाईक आलं नाही. नंदू सकाळी शटर वर करायचा, संध्याकाळी खाली करायचा.

दसऱ्याच्या सकाळी त्याने हत्यारं मांडली होती. हातोडी, काच कापायचा हिरा, पातं, गज. त्यांना हळद-कुंकू वाहत होता तेवढ्यात दारात ऑटो थांबली. सुलोचनाबाई एकट्याच उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पितळेची छोटी वाटी, पदराखाली धरलेली.

"या, बाई," नंदू म्हणाला.

"तुमच्याकडे नाही आले मी." त्या फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. खालचं लिहिलेलं त्यांनी ओठ हलवत वाचलं. "सासऱ्यांनी हे चित्र साहेब लोकांच्या लिलावातून आणलं होतं. मी नवी नवरी. रोज समोर बसून बघायचे आणि म्हणायचे, एवढं मोठं गाव, आणि तटावर एकही माणूस नाही, असं कसं असेल. मग त्या रंगवाल्याला घरी बोलावलं. तो रंगवत होता तेव्हा रंगाची वाटी मी धरून उभी होते."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"मुलाच्या घरात राहते मी."

"माझं दुकान बसलं, बाई."

"दिसतंय मला." त्यांच्या आवाजात दया नव्हती. "तुम्ही खरवडलंत. त्याने खोटं मांडलं. साठ वर्षं ज्याला गंध लावलं तो तुम्हा दोघांमध्ये संपला. आता तिथे जो रंगवला आहे त्याच्यापुढे माझा हात उचलत नाही."

त्यांनी करंगळीशेजारचं बोट वाटीत बुडवलं. फ्रेममध्ये कुठे लावायचं हे त्यांना बघावं लागलं नाही. जोड्याच्या वर, ओरखड्यांच्या मधोमध, जिथे छाती असायची तिथे त्यांनी गंधाचा टिळा लावला. पदरातून आपट्याचं एक पान काढलं आणि फ्रेमच्या पट्टीत खोचलं. दुसरं पान त्यांच्या हातात होतं. नंदूचा हात नकळत थोडा पुढे झाला. त्यांनी ते पान परत पदरात बांधलं.

शेजारचा मनीष चहाचा पेला घेऊन दुकानाबाहेर आला होता. त्याच्या दोन गिऱ्हाइकांनीही पाहिलं. भालेरावांच्या घरची म्हातारी, आणि नंदूचं दुकान.

ऑटोत बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "शेंदूर नाही तो. या वेळी बघून ठेवा."

ऑटो वळली. नंदू परत हत्यारांपाशी बसला. बाकीच्यांना कुंकू लावून झालं होतं, पातं तेवढं राहिलं होतं. त्याने ते उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि खणात सगळ्यात मागे ठेवून दिलं.